शिरा संपेपर्यंत

फाटकाबाहेर सायकलची घंटी वाजली आणि गादीवाले हैदरभाई करिअरला बांधलेली गादी सोडून आत येऊ लागले, तेव्हा हरिचंदरावांच्या प्रथम लक्षात आली ती त्या गादीची लांबी. ती कोणत्याही माणसाच्या लांबीची नव्हती. तान्ह्या लेकराला ती मोठी होती, शाळेत जाणाऱ्या पोराला आखूड होती, आणि त्यांच्या घरात या दोहोंपैकी कोणीच नव्हते.

"पत्ता चुकला, हैदरभाई."

"पत्ता कसा चुकंल, काका? इतकी सालं तुमच्याच घरच्या गाद्या भरून राहिलो. बाईनं सांगितली ही. कुत्र्याची हाय."

"कोणत्या कुत्र्याची?"

"ते तुमाला मालूम. मला निस्तं माप दिलं."

सुमनबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या, गादी तळव्याने दाबून पाहिली, "कापूस जरा जादाच घातला, भाई," एवढे बोलल्या आणि ती काखेत मारून आत गेल्या. हैदरभाईंनी सायकल वळवली. हरिचंदराव पायरीवर उभेच राहिले. घरात कुत्रे येणार होते. ही गोष्ट हैदरभाईंना ठाऊक होती, म्हणजे त्यांच्या बायकोला, अमीरबींना ठाऊक होती, म्हणजे गल्लीला ठाऊक होती. आणि डोंगरकड्याला, सुमनबाईंच्या माहेरी, ती ठाऊक असलीच पाहिजे, कारण या घरात जे काही न विचारता येई ते तिथूनच येई. ठाऊक नव्हती ती फक्त ज्याच्या नावाने घरपट्टी येत होती त्याला. हा अपमान आहे की नाही, याचा त्यांनी उभ्या उभ्याच पद्धतशीर विचार केला. अपमानाला हेतू लागतो. सुमनबाईंच्या चेहऱ्यावर हेतू म्हणून काही नव्हता. गादीतल्या कापसाचा विचार तेवढा होता. म्हणजे अपमान नव्हता. मग छातीत डाव्या बाजूला हे जे काही रुतल्यासारखे झाले होते, ते काय होते? त्यांच्या आठवणीत या घरातला प्रत्येक निर्णय वादाने झाला होता, आणि प्रत्येक वाद त्यांनी जिंकला होता. हा पहिलाच निर्णय असा, की ज्याला वाद लागला नव्हता.

सारी नोकरी त्यांनी हिंगोलीच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली होती. काचेच्या खिडकीमागे बसायचे आणि भोंग्यातून बोलायचे. भोंग्याचा मोठा गुण असा, की त्याला कोणी उलट बोलत नाही. खाली फलाटावरची माणसे तोंड वर करून ऐकतात, पटले नाही तर स्वतःशी पुटपुटतात, आणि सांगितलेल्या फलाटाकडे निघतात. बाकीचे नियंत्रक "नांदेड गाडी दोन नंबरला लागली हो" एवढ्यावर मोकळे होत. हरिचंदरावांचे वाक्य मात्र सर्व थांब्यांसह, योग्य त्या ठिकाणी श्वास घेत, आपल्या क्रियापदापर्यंत शांतपणे पोहोचे. कधी कधी ते पोहोचेपर्यंत गाडी सुटलेली असे. पण वाक्य अर्धवट सोडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. निवृत्तीनंतर भोंगा गेला, वाक्ये राहिली. ती घरात राहायला आली. सुमनबाई सांगू लागल्या, "मंगळवारी ती भाजीवाली आली, तं काय झालं—" की ते म्हणत, "मंगळवारी नव्हे, बुधवारी; मंगळवारी बाजार असतो, ती येऊच शकत नाही." मग मंगळवार आणि बुधवार यांचा निकाल लागे, आणि भाजीवालीचे काय झाले ते राहून जाई. राहून गेले आहे असे त्यांना कधी वाटले नव्हते. निकाल लागला होता ना?

दुपारी जेवताना त्यांनी विषय काढला. "कुत्रं कशाला?"

"असंच."

"असंच हे कारण होत नाही."

"घरात कुणीतरी ऐकणारं पाहिजे म्हणून."

"मी ऐकतो की."

सुमनबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. जुन्या ओळखीच्या दुकानावर कुलूप पाहून माणूस जसे पाहतो तसे ते होते. "कोरड्यास वाढू का?" त्यांनी विचारले.

संध्याकाळी सुमनबाईंच्या धाकट्या भावाचा, संतरामचा, फोन आला. फोनवर बोलताना संतराम अजूनही दोन शेतांपलीकडच्या गड्याला हाक मारावी तसा बोले. "दाजी! येताय नं पिल्लू न्यायला? पन आमच्या घरचा रिवाज ठाऊक हाय का तुमाला?" रिवाज असा होता: पिल्लू न्यायला येणाऱ्याने व्यालेल्या कुत्रीपुढे गुळाच्या शिऱ्याची परात ठेवायची आणि गोठ्यात भुईवर बसायचे. कुत्री परात चाटून साफ करीपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही. तेवढ्या वेळात जे पिल्लू आपण होऊन पायाशी येऊन बसेल ते त्याचे. शब्द निघाला, तर हात हलवत घरी.

"याला आधार काय?" हरिचंदरावांनी विचारले.

"आधार-फिदार मला ठाऊक न्हाई. मान्साच्या आवाजावर जे पिल्लू येतं, ते उद्या चोराच्याबी आवाजावर जातं. जे मुक्या मान्सापाशी येतं, ते ऱ्हातं. बाळापूरचे आमचे व्याही बसले होते, त्यायला इंचू चावला तरी हूं केलं न्हाई."

"मग सुमनला बसू दे. ती तशीही बोलत नाही."

"लेकीनं माहेराहून कुत्रं नेऊ न्हाई. जावयालाच बसावं लागतं. आन् पुढल्या खेपेला बघू म्हनू नका. आमची मैना कुत्री म्हातारी झाली, हे तिचं शेवटचं वेत." मग, आवाज तसूभरही न उतरवता, "आक्का म्हनत होती, दाजीच्यानं काही व्हायचं न्हाई."

त्यांनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघराकडे पाहिले. सुमनबाई गादीला जुन्या लुगड्याचा अभ्रा शिवत होत्या. शेजारी नवी पितळी वाटी होती. तिच्याजवळ मऊ पट्टा होता, आणि पाण्यासाठी कडा बुटक्या असलेले मातीचे भांडे होते. ते आणायला त्या केव्हा गेल्या असतील? बहुधा ते रेल्वेच्या नव्या वेळापत्रकातील दोषांविषयी बोलत होते तेव्हा. माहेरच्या मैनेचे शेवटचे पिल्लू यावे, म्हणून इतक्या दिवसांत या बाईने हूं की चूं न करता सारी मांडामांड केली होती. आणि आता ते सारे एका गोष्टीवर अडले होते: एक कुत्री एक परात शिरा खाईपर्यंत हरिचंदरावांना गप्प बसता येते की नाही. "मी बसेन," ते म्हणाले. "यात न होण्यासारखं काय आहे, हे मला कोणी समजावून सांगावं." सुमनबाईंनी दोरा दाताने तोडला. "व्हय," त्या म्हणाल्या. त्यांना ते पटले नव्हते.

सरावाशिवाय परीक्षेला बसणे हरिचंदरावांना मान्य नव्हते. दुसऱ्या दिवशी ते मोंढ्यातल्या चहाच्या टपरीवर जाऊन तोंड मिटून बसले. हळदीचा लिलाव संपवून आलेले दोन शेतकरी शेजारी टेकले, आणि त्यांतला एक दुसऱ्याला निर्धास्तपणे सांगू लागला, की डोंगरकडा हदगाव तालुक्यात येते. डोंगरकडा कळमनुरी तालुक्यात आहे, हे वाक्य हरिचंदरावांच्या घशात पूर्ण कपडे करून तयार उभे होते. फक्त दार उघडायचे होते. त्यांनी चहाचा घोट घेतला. चहा गरम होता, तोंड भाजले, तेही त्यांनी सोसले. "ह्यायला काय झालं?" टपरीवाल्याने पाण्याचा गिलास पुढे करत विचारले. तेवढ्यात हैदरभाई आले. "काका, तबीयत बराबर हाय नं?" हरिचंदरावांनी मान हलवली. "दात काढला का?" त्यांनी उलट मान हलवली. हैदरभाईंचा चेहरा गंभीर झाला. संध्याकाळी गल्लीतली तीन घरे, अमीरबींना पुढे घालून, तोंडावरून वारे गेलेल्या माणसाची चौकशी करायला आली. आणि आपल्याला काहीही झालेले नाही, हे हरिचंदरावांनी त्यांना इतक्या सविस्तरपणे सांगितले, की दिवसभराचा सराव तिथेच वाया गेला.

घरातला सराव त्याहून विचित्र निघाला. गप्प बसल्याबरोबर घर एकदम मोठे झाले. फ्रीज गुरगुरतो, हे त्यांना कळले. नळ टपकतो, हेही कळले. सुमनबाई पीठ मळताना काहीतरी गुणगुणतात. ती चाल त्यांच्या ओळखीची नव्हती, आणि ती कुठून आली हे विचारता येत नव्हते. थोड्या वेळाने गुणगुणणे थांबले आणि त्या दारात आल्या. "काही दुखतंय का?" मग जरा वेळाने पुन्हा, "माझं काही चुकलं का?" या दुसऱ्या प्रश्नाने त्यांना विलक्षण अस्वस्थ केले. घरात शांतता झाली की हिला आपली चूक शोधावीशी वाटते. असे का व्हावे? याचे उत्तर त्यांच्याकडे होते असे नाही, पण उत्तर ज्या दिशेला असावे तिकडे पाहायला त्यांची मान वळत नव्हती.

रविवारी नांदेड गाडीने दोघे निघाले. गादी सुमनबाईंच्या मांडीवर होती. बाळापूर सोडल्यावर शिजवलेल्या हळदीचा तो ओला, मातकट वास खिडकीतून आत आला, तसा सुमनबाईंचा चेहरा सैल झाला. माहेर जवळ आले की तो असा होतो, हे हरिचंदरावांनी आजच पाहिले, कारण एरवी या रस्त्याने येताना ते थांब्यांविषयी बोलत असत. संतरामच्या शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतघरावर, अंगणभर हळद वाळत पडली होती, आणि तिच्यावरून धुडगूस घातल्यामुळे पाचही पिल्लांचे पाय पिवळे झाले होते. मैना गोठ्याच्या सावलीत पडून त्यांच्याकडे, सगळे आयुष्य पाहून झाल्यासारखी, पाहत होती.

"या दाजी, इथं बसा पोत्यावर," संतराम म्हणाला. "आता तुमचा भोंगा बंद." त्याच्या बायकोने वाफाळती परात आणून हरिचंदरावांच्या हातात दिली, त्यांनी ती मैनेपुढे ठेवली, आणि रिवाज सुरू झाला. मैनेने शिरा हुंगला. तो गरम होता. तिने पुढच्या पायांवर मान टाकली आणि तो निवण्याची वाट पाहू लागली. घाई तिला कसलीच नव्हती.

"मी काय म्हनतो," संतराम तंबाखू मळत, कोणाकडेही न पाहता म्हणाला, "यष्टीपरीस ती काळीपिवळी जीप बरी. टायमावर तरी येते." हरिचंदरावांनी डोळे मिटले. "यष्टीचं येळापत्रक म्हंजे कसं, भिंतीला शोभा." त्यांनी उपरण्याचे टोक दातांखाली धरले. मैनेने एक घास खाल्ला आणि तोंड पुसल्यासारखी जीभ फिरवली. "आन् लग्नात दाजीकडची वरात अशी उशिरा आली, की भटजी झोपून गेले होते." हे साफ खोटे होते. वरात वेळेत होती. उशीर वाजंत्र्यांना झाला होता, आणि वाजंत्री मुलीकडचे होते. पुरावा देता येण्यासारखा होता; वाजंत्र्यांचे गावदेखील त्यांच्या जिभेवर होते. पिल्ले एकमेकांच्या अंगावरून लोळत होती, एकाचेही लक्ष त्यांच्याकडे नव्हते, आणि मैना आता पाणी प्यायला उठून हौदाकडे चालली होती. एखाद्या सजीवाने इतक्या सावकाश खावे, याला काही मर्यादा असावी असे त्यांना वाटले.

"किती छळशील रे, संत्या," सुमनबाई म्हणाल्या. त्या गोठ्याच्या उंबऱ्यावर भावजयीशेजारी बसल्या होत्या. मग काही क्षण कोणी बोलले नाही, आणि त्या मोकळ्या जागेत, कोणी अडवणार नाही हे जणू आत्ताच ध्यानात आल्यासारख्या, त्या भावजयीला सांगू लागल्या, "आमी हिंगोलीला स्टेशनामागं राहायला आलो, तवा—"

स्टेशनामागे नव्हे, हरिचंदराव मनात म्हणाले. स्टेशनाच्या बाजूला, मालधक्क्याच्या रस्त्यावर. ही गोष्ट त्यांनी पूर्वी ऐकली होती. निदान तिचे तोंड ऐकले होते. हे वाक्य सुमनबाईंनी कितीदा तरी उच्चारले होते, आणि प्रत्येक वेळी घराचा पत्ता नीट लागेपर्यंत स्वयंपाकाची वेळ झाली होती. आज पत्ता चुकीचाच राहिला आणि गोष्ट त्याच्यावरून पुढे चालू लागली.

"—तवा ह्यायची ड्युटी असायची, अन् मी दिवसभर एकली. बोलायला म्हनशीन तं भिंत. एक कुत्रं यायचं पायरीवर. तांबडं, एक कान मोडका. त्याला भाकर टाकायची. मंग मी त्याच्याशी बोलू लागले. काय सांगू वहिनी, भाजीत मीठ किती टाकलं तेबी त्याला सांगायची. मान वाकडी करून ऐकायचं, पन मधात बोलायचं न्हाई."

भावजय हसली. हरिचंदरावांनी ते कुत्रे आठवून पाहिले. पायरीवर काहीतरी तांबडे असे, हे खरे. ते त्याला ओलांडून कामावर जात.

"मंग एक दिवस सकाळी, मी काहीतरी म्हनले, आन् ह्यायनी मला समजून सांगितलं, ते कसं चूक हाय म्हनून. लई वेळ सांगितलं. काय म्हनले होते ते आता ध्यानात न्हाई. पन मी बराबर होते, तेवढं ध्यानात हाय. हे गेले ड्युटीवर. मी पिशवी भरली. म्हनलं, जाते डोंगरकड्याला. आता येत न्हाई."

संतरामचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. हरिचंदरावांच्या तोंडात नेहमीसारखे वाक्य तयार झाले नाही. ही बाई एकदा निघाली होती. कधी? कोणत्या सालात? घरी आल्यावर आपण कसे ओळखले नाही? ती घरात होती ना त्या संध्याकाळी?

"नांदेड गाडीत बसले. खिडकीपाशी, तोंडावर पदर. आन् वर भोंग्यात हेच बोलून राहिले! कळमनुरी, बाळापूर, डोंगरकडा, समदी गावं एकेक करून. मला वाटलं, हेच मला वाटंला लावून राहिले. आवाज किती गोड, वहिनी. घरी तसा कधी बोललेच न्हाईत." त्या थांबल्या. बांगड्या मागे सारल्या, पदर सावरला. आणि त्यांची नजर कुठेतरी हळदीपलीकडे गेली.

"मग?" कोणीतरी म्हणाले.

सारे पोत्याकडे पाहू लागले, तेव्हा हरिचंदरावांना कळले की तो आवाज आपला होता.

"बोलले!" संतरामने मांडीवर थाप मारली. "दाजी बोलले! परातीत शिरा हाय अजून, बघा. उठा आता, चहा घ्या आन् चला."

हरिचंदरावांना सांगायचे होते, की प्रश्न हे विधान नव्हे. पण ते सांगायलाही बोलावे लागणार होते. त्यांनी सुमनबाईंकडे पाहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि मग, साऱ्या संसारात कधी केली नसेल अशी एक गोष्ट सुमनबाईंनी केली. त्या वाद घालू लागल्या.

"थांब संत्या. हे बोलले न्हाईत."

"काहून न्हाई? शब्द निघाला का न्हाई तोंडातून?"

"शब्द निघाला. ह्यायचं बोलणं कसं असतं, ते तुला ठाऊक का मला? मी जनम काढला त्याच्यात. बोलणं म्हंजे दुसऱ्याचं तोडणं. आता ह्यायनी काय तोडलं, सांग?"

"आक्का, रिवाज म्हंजे रिवाज—"

"रिवाज कशापायी? आवाजावर पिल्लू येऊ न्हाई म्हनून. मंग ते पाहा की, कवाचं येऊन निजलं ते!"

सगळ्यांनी पाहिले. हरिचंदरावांनीही पाहिले. त्यांच्या डाव्या पावलावर पिवळ्या पायांचे एक पिल्लू पोट पसरून झोपले होते, आणि त्याने त्यांचा मोजा भिजवला होता, तोही आता निम्मा वाळत आला होता. ते केव्हा आले, हे त्यांना सांगता येईना. बहुधा कळमनुरी आणि बाळापूरच्या दरम्यान. "व्हय की," भावजय म्हणाली, "आधीच आलं होतं. मी पाहिलं." तिने पाहिले नव्हते, हे तिच्या तोंडावर दिसत होते. संतराम परातीचा दाखला द्यायला वळला, तर या गोंधळात मैना उरलासुरला शिरा संपवून परातीची कड चाटत होती. "बाईच्या जातीशी वाद घालू न्हाई," तो म्हणाला आणि तंबाखू तोंडात टाकला.

"मंग काय," सुमनबाई जराही विसावा न घेता भावजयीकडे वळल्या. जिंकलेल्या वादावर त्या क्षणभरही रेंगाळल्या नाहीत, याची हरिचंदरावांनी आश्चर्याने नोंद घेतली. "ते कुत्रं माझ्यामागं गाडीत चढलं. कंडक्टर ओरडतो, लोक ओरडतात. आन् वर भोंग्यात हे."

हरिचंदरावांना ते वाक्य आठवले. संपूर्ण आठवले. "नांदेडकडे जाणाऱ्या गाडीत एक तांबडे कुत्रे चढलेले असून, ज्या कोणा प्रवाशाचे ते असेल त्याने ते तात्काळ खाली उतरवून घ्यावे; अन्यथा गाडी मार्गस्थ होणार नाही." नोकरीतल्या उत्तम वाक्यांपैकी ते एक होते. त्या रात्री जेवताना त्यांनी ते सुमनबाईंना म्हणूनही दाखवले होते, प्रवाशांच्या बेशिस्तीचे उदाहरण म्हणून; आणि सुमनबाईंनी, खाली मान घालून, त्यांच्या ताटात आणखी भात वाढला होता.

"म्हनलं, माझ्यापायी गाडीभर मानसांचा खोळंबा कशाला. उतरले. कुत्र्याला उतरवलं, अन् गाडी गेली."

"मंग दुसरी गाडी नव्हती का, बाई?"

"होती की. पन ते चालू लागलं घराकडं. म्हनलं, ह्याला तरी पोचवून येते."

मैनेने जांभई दिली. मग संतराम खाकरला. "बोला दाजी आता. परात साफ झाली, मोकळे हाव तुमी." आणि सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहू लागले, कारण सगळ्यांना अनुभव होता. हरिचंदरावांच्या मनात दुरुस्त्या रांगेत उभ्या होत्या: घर स्टेशनामागे नव्हते; त्या काळी ती दुसरी, दुपारची गाडी हदगावमार्गे जाई; कुत्र्याला प्रवासी म्हणून चढू देणे नियमात बसत नव्हते. एकेक करून त्यांनी त्या दुरुस्त्यांकडे पाहिले, आणि एकीसाठीही गाडी सोडावीशी त्यांना वाटेना. पावलावरचे पिल्लू झोपेत धावत होते.

"त्याचं नाव काय ठेवलं होतंस?" त्यांनी विचारले.

सुमनबाईंनी पदर तोंडाशी नेला. मान खाली घातली, मग पार बाजूला वळवली, आणि या वयाच्या बाईला शोभणार नाही इतकी लाज त्यांच्या कानांपर्यंत चढली.

"सांगा की, बाई," भावजय म्हणाली.

"मला न्हाई घेता येत ते नाव."

"काहून? कुत्र्याचं नाव घ्यायला काय होतं?"

"घेतलं होतं एकदा समद्यांपुढं," सुमनबाई पदराआडून म्हणाल्या. "लग्नात. उखाण्यात."